बेसबॉलचा स्विंग: टाच आधी, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी

मुंबईत बेसबॉलची बॅट हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी क्रिकेट खेळलेला असतो. नजर बसलेली असते, मनगट सुटलेलं असतं, आणि तरीही चेंडू एक तर शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) पायाशी सरपटत जातो, नाहीतर मागे बसलेल्या कॅचरच्या डोक्यावर सरळ वर चढतो. मग दंडात ताकद कमी पडतेय असं वाटून पोरं डंबेल्स उचलायला लागतात. खरी गडबड क्रमात असते. हात आधी निघतात, कंबर मागाहून येते आणि पाय नुसते बघत राहतात. खाली हा क्रम टप्प्याटप्प्याने लावला आहे. सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

## तयारी: बॅट, चेंडू, जागा

बॅट. क्रिकेटची बॅट साधारण ११०० ते १३०० ग्रॅमची, तर बेसबॉलची ३३ इंची, ३० औंसांची बॅट ८५० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे धोबी तलावच्या दुकानात हातात घेतल्यावर ती फुलासारखी हलकी वाटते आणि लोक त्याहून लांब, त्याहून जड बॅट मागतात. तो मोह आवरा. ही बॅट पूर्ण वेगाने आडवी फिरवायची असते आणि तिचं बरंचसं वजन पुढच्या जाड भागात, म्हणजे बॅरलमध्ये असतं. दुकानातच एक चाचणी करा: एका हाताने बॅट मुठीच्या टोकाला धरा, हात बाजूला सरळ करा, बॅट जमिनीला समांतर ठेवा आणि सावकाश वीस आकडे मोजा. आधीच हात थरथरला तर एक इंच कमी लांबीची घ्या. मध्यम उंचीच्या मोठ्या माणसाला ३२ किंवा ३३ इंच पुरतात, बारा-चौदा वर्षांच्या मुलाला २९ ते ३१.

शिकायला धातूची बॅट बरी. लाकडी घेतलीच तर चेंडू लागताना तिच्यावरचा शिक्का आकाशाकडे किंवा जमिनीकडे असला पाहिजे. शिक्क्याच्या बाजूने चेंडू घेत राहिलात तर बॅट चिरते.

चेंडू. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. घरात पडलेले सीझन बॉल बेसबॉलच्या बॅटने मारू नका: धातूच्या बॅटला पोचे पडतात आणि लाकडी बॅट तडकते. घरगुती सरावाला टेनिस बॉल किंवा स्पंजचे चेंडू चालतील.

टी. चेंडू ठेवायचा उभा दांडा विकत मिळतो, पण प्लंबिंगच्या दुकानातून एकात एक सरकणारे दोन पीव्हीसी पाइप आणून तो घरीही होतो. पाया ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लायचा. उंची साधारण ६० ते १०० सेंटिमीटर बदलता आली पाहिजे. आतल्या पाइपाला ओळीने भोकं पाडून बोल्ट घातला की काम झालं. वरच्या टोकाला गाडीच्या रेडिएटरच्या रबरी होजचा तुकडा बसवा. बॅट रबराला घासली तर काही होत नाही, पीव्हीसीला लागली तर पाइप फुटतो.

प्लेट, म्हणजे बॅटर जिच्या शेजारी उभा राहतो ती जमिनीवरची पाचकोनी पट्टी. जुन्या रबरी मॅटची कापून घ्या: पिचरकडची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडची, बाजू ४३ सेंटिमीटर, दोन्ही सरळ बाजू प्रत्येकी सुमारे २१.५ आणि मागे टोकाला मिळणाऱ्या दोन तिरक्या बाजू प्रत्येकी ३०.५. प्लेटशिवाय टीवर सराव करणारे चेंडू नेहमी स्वतःला सोयीच्या जागी ठेवतात आणि सामन्यात त्यांना बाहेरचा चेंडू सापडत नाही.

> इशारा: रविवारी सकाळी शिवाजी पार्क किंवा आझाद मैदानावर शेजारच्या सामन्याचा फील्डर तुमच्याकडे पाठ करून उभा असतो. खऱ्या चेंडूने टीचा सराव जाळीतच करा, जाळी अडीच-तीन मीटरवर ठेवा. जाळी नसेल तर मोज्यांचे घट्ट गोळे वापरा. गच्चीवरही तेच, सोसायटीच्या काचा शाबूत राहतात. स्विंग करणाऱ्याच्या चार मीटरच्या आत कोणीही उभं राहायचं नाही आणि समोरून कोणी चेंडू टाकणार असेल तर कान झाकणारं हेल्मेट घालायचंच.

## १. पकड

डावा हात मुठीच्या टोकाकडे, नॉबला, म्हणजे टोकाच्या गाठीला, लागून. उजवा त्याला चिकटून वर. हात क्रिकेटसारखेच आहेत, पण बॅट उभी धरल्यामुळे क्रिकेटमध्ये वर असणारा डावा हात इथे खाली येतो. प्रशिक्षक ‘वरचा हात’ म्हणतात तेव्हा उजवा समजायचा. या एका गोंधळात कित्येकांचे सरावाचे तास वाया जातात.

बॅट तळव्यात रुतवू नका, बोटांच्या मुळाशी धरा. सोपा मार्ग असा: बॅटचं जाड टोक दोन पावलांमध्ये जमिनीवर टेकवा, मूठ पोटाकडे कलू द्या, दोन्ही हातांची बोटं मुठीभोवती गुंडाळा आणि उचला. बहुतेकांची पकड आपोआप नीट बसते.

तपासा: दार ठोठावताना बोटांची जी मधली पेरं पुढे येतात, ती दोन्ही हातांची जवळपास एका रेषेत हवीत. उजव्या हाताची मोठी पेरं डाव्याच्या मधल्या पेरांवर आली असतील तर बॅट तळव्यात शिरली आहे. मनगटं अडकणार आणि बॅरल उशिरा येणार.

पकड सैल ठेवा. चेंडू येताना बोटं आपोआप आवळतात, तुम्ही आधीपासून आवळून बसलात तर दंड आणि खांदे लाकूड होतात.

## २. उभं राहणं

बॅटरची चौकट प्लेटपासून १५ सेंटिमीटरवर सुरू होते, ती १.८३ मीटर लांब आणि १.२२ मीटर रुंद असते. कमरेत वाकून बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकेल इतक्या अंतरावर उभे राहा. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, गुडघे मोकळे, वजन चवड्यांवर. हात मागच्या खांद्याच्या उंचीला, खांद्यापासून चार बोटं ते एक वीत लांब. बॅट तिरकी, साधारण ४५ अंशांत.

मान इतकी वळवा की दोन्ही डोळे पिचरकडे असतील. उजव्या डोळ्यासमोर नाक येतंय का ते डावा डोळा मिटून बघा. पिचर अर्धवट दिसला तर मान कमी वळली आहे.

> इशारा: स्पिनरला पुढे सरसावून खेळण्याची सवय इथे महाग पडते. पूर्ण पाय चौकटीबाहेर जमिनीवर टेकलेला असताना चेंडू मारला तर बॅटर बाद असतो.

## ३. वजन मागे घेणं

पिचर हात मागे नेऊ लागला की तुम्हीही वजन मागच्या पायाच्या आतल्या बाजूवर घ्या. ‘आतल्या बाजूवर’ हे महत्त्वाचं आहे. उजवा गुडघा पावलाच्या बाहेर गेला तर वजन तिथेच अडकतं आणि पुढे यायला वेळ लागतो. मागच्या मांडीत आणि कुल्ल्यात ताण जाणवला पाहिजे, पोटरीत नव्हे. त्याच वेळी हात दोन-तीन इंच मागे जातात, तेही खांद्यांबरोबर. नुसते हात खेचले की डावा हात ताठ होतो आणि बॅट डोक्यामागे गुंडाळली जाते. मग तिला तेवढी जास्त वाट कापून यावं लागतं.

पिचरची रबरी पट्टी प्लेटच्या टोकापासून १८.४४ मीटरवर असते आणि चेंडू सुटतो तो त्याच्याही पुढून. ताशी ११० किलोमीटरचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो, १४५ चा सुमारे ०.४ सेकंदात. म्हणून मागे जाणं सावकाश आणि लवकर उरकून घ्यायचं. चेंडू सुटल्यावर मागे जायला निघालात तर खेळ संपला.

## ४. पाऊल

डावा पाय पिचरच्या दिशेने १५ ते २० सेंटिमीटर जातो आणि चवड्याच्या आतल्या कडेवर हलकेच टेकतो. बोटं साधारण ४५ अंशांत उघडी.

क्रिकेटमधून आलेल्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. फ्रंट फूटवर येणं म्हणजे डोकं आणि खांदा चेंडूवर नेणं, हे अंगात भिनलेलं असतं. चेंडू टप्पा पडून वर येणार असेल तेव्हा ते बरोबरच आहे. इथे चेंडू टप्पा न पडता येतो आणि तुम्हाला स्वतःभोवती फिरायचं आहे. डोकं पुढे धावलं तर फिरायला आसच उरत नाही. पाय पुढे जातो, डोकं दोन पावलांच्या मधोमधच, किंचित मागच्या पायाकडे राहतं.

तपासा: पाय टाकून थिजा. हात अजून मागच्या खांद्याजवळ आहेत का? डावा खांदा बंद, म्हणजे अजून पिचरच्या दिशेने रोखलेला, आहे का? आता कोणीतरी डावा पाय घोट्याला धरून उचलला तर तुम्ही पुढे कोसळता का? कोसळत असाल तर वजन आधीच पुढे आलं आहे. कमी वेगाच्या चेंडूवर हेच बॅटर हवेत बॅट फिरवतात.

हा टप्पा बॅट न घेता, हात छातीवर आडवे बांधून, आरशासमोर करत राहा. घरात जागा नसली तरी एवढं जमतं.

## ५. टाच आणि कंबर

सगळा लेख या टप्प्यासाठी आहे. डाव्या पायाची टाच जमिनीला लागते, त्याच क्षणी कंबर फिरायला लागते. खांदे अजून बंद, हात अजून मागे. कंबर पुढे निघालेली आणि खांदे मागे राहिलेले, या अंतरातून पोटाच्या बाजूच्या स्नायूंत पीळ पडतो आणि तोच पीळ खांद्यांना, मग दंडांना, मग बॅरलला ओढून आणतो. ओला टॉवेल झटकताना हात थांबतो आणि टोक फटकन वाजतं, तसं हे एकामागून एक चालतं. प्रत्येक भाग थांबताना आपला वेग पुढच्या भागाला देतो.

म्हणूनच डावा पाय ताठ होणं गरजेचं आहे. टाच टेकल्यावर वाकलेला डावा गुडघा सरळ होत जातो आणि शरीराचं पुढे जाणं अडवतो. गुडघा वाकलेलाच राहिला तर कंबर फिरण्याऐवजी पुढे सरकते, आणि सरकणाऱ्या कंबरेतून बॅरलला वेग मिळत नाही.

मागच्या पायाने ‘झुरळ चिरड’ असं शिकवण्याची पद्धत आहे. टाच तेवढी फिरते, पण सगळं वजन मागच्या चवड्यावरच राहतं. मागची टाच आकाशाकडे वळली पाहिजे आणि पाय इतका हलका झाला पाहिजे की फक्त बुटाचं टोक जमिनीला लागावं.

तपासा: फिरून झाल्यावर बेंबी पिचरकडे बघतेय का? मागचा पाय, गुडघा, कंबर आणि कान जवळजवळ एका तिरक्या रेषेत आहेत का? बॅट मानेमागे आडवी धरून दहा वेळा फक्त कंबर फिरवा. बॅटचं टोक कंबरेच्या आधी हललं तर खांदे घाई करताहेत.

## ६. बॅटची वाट

कंबर फिरली की उजवी कोपर बरगड्यांजवळ खाली येते आणि बॅरल मागच्या खांद्यामागे आडवं होतं. तिथून ते चेंडूच्या रेषेत शिरतं. कोपर उंच राहिली तर बॅट वरून खाली कुऱ्हाडीसारखी येते. डावा खांदा लवकर उघडला तर बॅट बाहेरून गोल फिरत येते आणि आतला चेंडू मुठीवर लागतो.

‘चेंडूवर वरून मार’ हा सल्ला मैदानावर सर्रास ऐकू येतो. पिचरचा उंचवटा २५ सेंटिमीटरचा, वर त्याची उंची, आणि चेंडू गुरुत्वाकर्षणाने खाली येतच असतो. त्याच रेषेत जायचं तर बॅरल लागताना हलकंसं वर चढत असलं पाहिजे, साधारण ५ ते १५ अंश. वरून मारणाऱ्याची बॅट चेंडूची रेषा एकाच बिंदूत छेदते. जरा लवकर किंवा जरा उशीर झाला की चेंडू चुकतो.

चढ देण्यासाठी उजवा खांदा पाडायचा नाही. चेंडू खाली असेल तर कमरेतून कला, हात वेगळे खाली टाकू नका. खांद्यांची तिरकी रेषा आणि बॅट एकमेकांना जवळपास समांतर असतात, चेंडू गुडघ्याजवळ असो की छातीजवळ.

## ७. चेंडू लागतो ती जागा

बॅटवर चेंडू घ्यायचा तो टोकापासून १३ ते १८ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. लागताना उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे, उजवी कोपर अजून वाकलेली. दोन्ही हात सरळ होतात ते चेंडू गेल्यावर.

पुलच्या फटक्यात क्रिकेटर मनगटं वळवून चेंडू खाली ठेवतो. ते इथे केलं की चेंडू शॉर्टस्टॉप किंवा थर्ड बेसकडे सरपटणार. मनगटं वळतात, पण चेंडू बॅट सोडून गेल्यानंतर, आणि आपोआप.

टीवर तीन जागा पक्क्या करा:

- आतला चेंडू: डाव्या पावलाच्या एक वीत पुढे.
- मधला: डाव्या पावलाच्या रेषेत.
- बाहेरचा: डाव्या मांडीच्या समोर. याला उशिरा भेटायचं आणि उजव्या मैदानाकडे पाठवायचं. ओढून लेगला नेलात तर शॉर्टस्टॉपकडे मेलेला ग्राउंडर, म्हणजे सरपटता चेंडू, मिळेल.

टी हलवताना प्लेट आणि पाय तिथेच ठेवा.

लेट कट, ग्लान्स या सवयी विसरा. होम प्लेटच्या मागे आणि पहिल्या व तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन्ही रेषांबाहेर गेलेला चेंडू फाउल. पहिले दोन फाउल स्ट्राइक (बॅटरच्या खात्यातली चूक, तीन झाल्या की बाद) धरले जातात. दोन स्ट्राइकनंतर मात्र साध्या फाउलने बाद होत नाही. तेव्हा मूठ दोन-तीन सेंटिमीटर वर धरा आणि बॅट आटोक्यात आणा.

## ८. शेवट आणि धाव

बॅट डाव्या खांद्यावर जाऊन थांबते. एक हात सुटला तरी हरकत नाही, फक्त चेंडू लागण्याआधी सुटता कामा नये. मग बॅट हातातून खाली सोडा, भिरकावू नका, आणि पळा. पहिला बेस २७.४३ मीटरवर आहे. बॅट घेऊन धावणारे दर मोसमात दिसतात. इथे क्रीझमध्ये टेकवायला ती लागत नाही.

## सरावाचा क्रम

थेट पिचरसमोर उभं राहून स्विंग सुधारत नाही, कारण समोर वेग आला की शरीर जुन्या सवयीकडे पळतं. आधी बॅटशिवाय टप्पा ३ ते ५, मग टी, मग बाजूने एका गुडघ्यावर बसून कोणी हलके चेंडू उडवतो तो सॉफ्ट टॉस, मग जाळीआडून समोरून टाकलेले, आणि शेवटी पिचर. टीवर पाचमधले चार चेंडू समोरच्या जाळीत छातीच्या उंचीला सरळ जात नाहीत तोवर पुढची पायरी नको.

दिवसाला साठ स्विंग पुष्कळ झाले, पाच-पाचच्या फेऱ्यांत, मध्ये अर्धा मिनिट. दीडशे मारणाऱ्याचे शेवटचे शंभर दमलेल्या अंगाने होतात आणि तीच सवय पक्की होते.

मोबाइलवर स्लो मोशन लावा. एकदा छातीसमोरून, एकदा मागून, दोन्ही वेळा फोन कंबरेच्या उंचीवर. तीनच ठिकाणी चित्र थांबवायचं: पाय टेकताना, बॅरल आडवं होताना, चेंडू लागताना. पहिल्या चित्रात हात पुढे निघालेले दिसले तर पुढची दोन बघायची गरज नाही, चूक तिथेच आहे.

जून ते सप्टेंबर मैदान चिखलात जातं. ते चार महिने पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या बंद हॉलमध्ये टी आणि सॉफ्ट टॉसला द्या. लाकडी बॅट ओल्या कपड्यांसोबत बॅगेत कोंबू नका, आणि मुठीची पट्टी ओली असेल तर स्विंग थांबवा. घामेजलेल्या हातातून सुटलेली बॅट चेंडूपेक्षा वाईट लागते.

## चेंडू कुठे गेला त्यावरून चूक ओळखा

- सारखे ग्राउंडर शॉर्टस्टॉपकडे: मनगटं लवकर वळताहेत किंवा डावा खांदा आधी उघडतोय. टी बाहेरच्या जागी ठेवून वीस चेंडू उजवीकडे मारा.
- चेंडू सरळ मागे फाउल: वेळ बरोबर, उंची केसभर चुकली. काही बदलू नका.
- पहिल्या बेसकडे फाउल: उशीर. हात लवकर नेऊ नका, पाऊल लवकर टाका.
- उंच पॉप अप: उजवा खांदा पडतोय किंवा डावा गुडघा वाकलेला राहतोय. टप्पा ५ कडे परत.
- हाताला झिणझिण्या: चेंडू मुठीवर किंवा अगदी टोकावर लागतोय. बॅटवर खडू फासा, दहा चेंडू मारा, चेंडूचे ठसे कुठे उमटले ते बघा आणि प्लेटपासूनचं अंतर त्यानुसार बदला.
- स्लो चेंडूवर हवेत बॅट: वजन आधीच पुढे. टप्पा ४ ची थिजण्याची चाचणी.

एका वेळी एकच दुरुस्ती घ्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणती लागू पडली ते कळत नाही. आणि यादीत दोन चुका सापडल्या तर पायांकडची आधी धरा. पाय जागेवर आले की हातांच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.